गुन्हा, भानगड आणि ढोंग: नेत्याची लायकी मोजायची कशी?

लोकप्रतिनिधीची पात्रता हा विषय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दीड पानात संपतो. नाशिककरांना मात्र 2025 साली तो वर्षभर, हप्त्याहप्त्याने शिकायला मिळाला. 20 फेब्रुवारीला नाशिकच्या न्यायालयाने सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण 1995 च्या सुमाराचं. मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के कोट्यातली, कमी उत्पन्नवाल्यांसाठी असलेली सदनिका खोटी कागदपत्रं देऊन मिळवली, असा आरोप. कोकाट्यांचं म्हणणं असं की केस राजकीय वैरातून झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सत्र न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि मंत्रिपद शाबूत राहिलं. जुलैत, सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचं सांगत त्यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यांनी आरोप नाकारला, पण महिनाअखेरीस कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. हा योगायोग ज्यांनी जुळवला त्यांना विनोदबुद्धी असावी. डिसेंबरात सत्र न्यायालयाने अपील फेटाळून शिक्षा कायम केली, मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यामुळे आमदारकी वाचली.

माणूस एकच, वर्षही एकच. पण फेब्रुवारीतल्या शिक्षेने जे खातं हललं नाही, ते जुलैत मोबाईलमधल्या पत्त्यांनी हललं. यावर शहरात ज्या चर्चा झडल्या, त्यांत तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते. कायद्याने हा माणूस अपात्र आहे का? अपात्र नसला तरी त्याने त्या खुर्चीवर बसावं का? आणि तो, किंवा त्याच्यावर तुटून पडणारे, ढोंगी आहेत का? पहिल्याचं उत्तर न्यायालय देतं. दुसऱ्याचं मुख्यमंत्री, पक्ष आणि सभागृह यांनी द्यायचं असतं. तिसऱ्याचं उत्तर द्यायला अधिकृत असं कोणीच नाही, म्हणून ते सगळेच देतात.

कायदा कुठपर्यंत जातो

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चा. त्याच्या कलम 8 नुसार कुठल्याही गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कारावासाची शिक्षा झाली की खासदार-आमदार अपात्र होतो, आणि सुटून आल्यावर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. लाचखोरी, बलात्कार, जाती-धर्मांत तेढ लावणं, अस्पृश्यता पाळणं अशा काही गुन्ह्यांना ही दोन वर्षांची अट नाही. तिथे दोषी ठरणं पुरेसं आहे, नुसता दंड झाला तरी सहा वर्षं घरी बसावं लागतं.

2013 पर्यंत यात एक पळवाट होती. पदावर असलेल्याने तीन महिन्यांत अपील केलं की त्याची जागा सुरक्षित. म्हणजे सामान्य उमेदवाराला एक नियम आणि आधीच निवडून आलेल्याला दुसरा. 10 जुलै 2013 रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट रद्द केली. तेव्हापासून शिक्षा सुनावली त्या क्षणी अपात्रता लागू होते, सभागृहाची अधिसूचना ही फक्त त्याची नोंद.

इथे बातम्या वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ‘शिक्षेला स्थगिती’ म्हणजे अपील चालू असताना तुरुंगात जायचं नाही, एवढंच. त्याने आमदारकी वाचत नाही. आमदारकी वाचते ती ‘दोषसिद्धीला स्थगिती’ मिळाल्यावर. आणि ही स्थगिती म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. पेढे वाटणाऱ्या कार्यकर्त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

कायदा सगळ्यांना सारखा असला तरी त्याचं घड्याळ सारखं चालत नाही. मार्च 2023 मध्ये सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्यांची खासदारकी गेल्याचं जाहीर केलं. डिसेंबर 2023 मध्ये नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात काँग्रेसचे सुनील केदार यांना शिक्षा झाली आणि त्यांची आमदारकीही लगोलग गेली. कोकाट्यांच्या बाबतीत मात्र शिक्षा आणि स्थगिती यांच्या मधले जवळपास दोन आठवडे विधिमंडळाची लेखणी हललीच नाही. राहुल गांधींच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. लिली थॉमस निकालानंतर त्यांच्याच पक्षाच्या सरकारने शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधींना वाचवणारा अध्यादेश आणला होता. राहुल गांधींनी पत्रकार परिषदेत येऊन तो फाडून फेकण्याच्या लायकीचा असल्याचं सांगितलं आणि सरकारने तो मागे घेतला. दहा वर्षांनी ते स्वतः त्याच नियमात अडकले. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काही मत असो, या एका बाबतीत त्यांच्यावर ढोंगाचा आरोप करता येत नाही.

जेलमधून मत नाही, पण उमेदवारी चालते

शिक्षा होईपर्यंत कायदा जवळजवळ गप्प असतो. खटला वीस-तीस वर्षं चालला तर तितकी वर्षं गप्प. कोठडीत असलेल्या माणसाला मतदान करता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. 2013 साली कायद्यात दुरुस्ती करून ही सोय मुद्दाम राखली गेली.

आता हेच सरकारी नोकराला लावून बघा. महाराष्ट्रात सरकारी कर्मचारी 48 तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असं मानलं जातं, वेगळा विचार करण्याची गरजच नाही. एक पत्नी हयात असताना दुसरं लग्न करायला वर्तणूक नियमांनी त्याला बंदी आहे. नाशिकरोडला नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये कामाला लागायचं तर पोलीस चारित्र्य पडताळणी होते. शिपायाची होते, तलाठ्याची होते. मंत्र्याची होत नाही.

तरीही, नुसत्या आरोपावरून माणसाला बाद करावं असं मला वाटत नाही, आणि त्याचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांना ईडीने मार्च 2016 मध्ये अटक केली. जामीन मिळाला मे 2018 मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात, दोषसिद्धी मात्र कुठलीच नाही. सप्टेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणातल्या लाचलुचपत विभागाच्या केसमधून न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. अटक झाली म्हणजे अपात्र असा नियम असता तर ज्याच्या हातात तपास यंत्रणा त्याच्या हातात विरोधकांची उमेदवारी, असं झालं असतं. 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडलेल्या 130 व्या घटनादुरुस्ती विधेयकावरचा वाद नेमका हाच आहे. गंभीर गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचं, मुख्यमंत्र्याचं, अगदी पंतप्रधानाचंही पद जावं, असं ते सांगतं. ऐकायला रास्त वाटतं. पण जामीन मिळायला किती दिवस लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला 30 दिवस ही किती छोटी मुदत आहे हेही कळतं.

मग मधला मार्ग काय? सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या मनोज नरुला खटल्यात तो सांगितला होता: खटला चालू असलेल्याला मंत्री करू नये अशी सक्ती आम्ही करू शकत नाही, पण पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांनी घटनेने टाकलेला विश्वास आठवून निर्णय घ्यावा. थोडक्यात, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने राजकारण्यांच्या विवेकावर सोडलं. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

हा विवेक पूर्वी अगदीच नव्हता असं नाही. 1986 मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणावरून मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. 2008 मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील यांना एका वाक्यामुळे गृहमंत्रिपद सोडावं लागलं, तर विलासराव देशमुख यांना ताज हॉटेलच्या पाहणीत चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्याचं महागात पडलं. यांपैकी कोणालाही तेव्हा शिक्षा झालेली नव्हती. आर. आर. पुढच्या वर्षी निवडणूक जिंकून पुन्हा गृहमंत्री झाले. राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली असा जो समज आता रुजलाय, तो तेव्हा इतका घट्ट नव्हता. म्हणून खुर्ची सोडणं थोडं सोपं होतं. आज राजीनामा मागणारेही तो कबुलीजबाब म्हणून मागतात, मग देणारा कशाला देईल?

घरातल्या गोष्टी

आता सर्वांत चवीने चघळला जाणारा भाग. नेत्याचं लफडं, घटस्फोट, दारू, मुलाच्या लग्नातली उधळपट्टी. यातलं मतदाराच्या कामाचं किती?

विवाहबाह्य संबंध आता गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये रद्द केलं. आणि एप्रिल 2024 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की उमेदवाराच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट जाणून घेण्याचा मतदाराला निरंकुश हक्क नाही. उमेदवारीशी संबंध नसलेल्या गोष्टी तो खासगी ठेवू शकतो.

माझ्या मते खासगी वागणं तीन ठिकाणी सार्वजनिक होतं. जिथे पदाचा वापर झाला: मैत्रिणीला महामंडळ, भाच्याला भूखंड, पोलिसांना फोन. जिथे कोणावर जबरदस्ती झाली किंवा कोणी फसवलं गेलं. मारहाण आणि छळ यांना ‘घरगुती बाब’ म्हणणं ही तर जुनी चलाखी. आणि जिथे माणूस त्याबद्दल लोकांशी अधिकृतपणे खोटं बोलला. ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांचं 1963 मधलं प्रकरण अजून आठवलं जातं ते या तिसऱ्या कारणासाठी. संबंधांची कुजबुज चालूच होती, राजीनामा द्यावा लागला तो संसदेत खोटं सांगितल्याबद्दल. अमेरिकेत 1998 मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला, त्यातले आरोपही शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायात अडथळा आणणं हे होते.

हीच फूटपट्टी इथे लावू. जानेवारी 2021 मध्ये तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांनी विवाहबाह्य संबंध आणि त्यातून झालेली मुलं असल्याचं स्वतःच फेसबुकवर लिहिलं. त्यांच्यावर बलात्काराची तक्रार झाली होती, ती नंतर मागे घेतली गेली. त्या महिन्यात लोक संबंधांबद्दलच बोलत बसले. मतदाराच्या कामाचे प्रश्न दोनच होते: तक्रारीचा तपास मंत्र्याच्या दबावाशिवाय होईल का, आणि निवडणुकीच्या शपथपत्रात कुटुंबाची माहिती खरी दिली होती का. पहिला पोलिसांचा, दुसरा निवडणूक यंत्रणेचा. बाकी सगळं त्या कुटुंबाचं.

ढोंग कशाला म्हणायचं

क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगासाठी आघाडीवर होते प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच. त्या काळात त्यांचे स्वतःचे विवाहबाह्य संबंध चालू होते, आणि हे त्यांनी 2007 मध्ये मान्य केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण त्यामुळे क्लिंटन शपथेवर खरं बोलले असं होत नाही. ढोंग उघडं पडलं की बोलणाऱ्याची पत जाते, त्याने मांडलेला मुद्दा मात्र जागेवर राहतो आणि त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागतं. ‘तुमच्या काळात काय झालं ते सांगा’ हे वाक्य आपल्या टीव्हीवर उत्तर म्हणून खपतं ते हा फरक कोणी मागत नाही म्हणून.

मत बदलणं म्हणजेही ढोंग नव्हे. माणसाने उघडपणे सांगावं की पूर्वी असं वाटत होतं, आता या कारणाने वाटत नाही. कारण सांगितलंच नाही, आणि बदल नेमका सत्ता मिळण्याच्या आठवड्यात झाला, की संशय घ्यायला जागा आहे.

एका माणसाच्या ढोंगापेक्षा पक्षाचं ढोंग जास्त महाग पडतं. एका तरुणीच्या मृत्यूनंतर झालेल्या आरोपांवरून संजय राठोड यांना फेब्रुवारी 2021 मध्ये मंत्रिपद सोडावं लागलं. राजीनाम्यासाठी भाजप रस्त्यावर होता. ऑगस्ट 2022 मध्ये त्याच भाजपच्या पाठिंब्याच्या सरकारात राठोड मंत्री झाले. पोलिसांनी क्लीन चिट दिल्याचं मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितलं. तसं असेल तर राठोडांवर अन्याय झाला होता, आणि मग दीड वर्षापूर्वी आरडाओरडा करणाऱ्यांनी त्यांची जाहीर माफी मागायला हवी होती. आरोप खरे वाटत होते तर सोबत बसायला नको होतं. दोन्हींपैकी एक तरी करायचं. भुजबळांबाबतही तेच. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले, त्यांच्याच सोबत ते जुलै 2023 मध्ये मंत्रिमंडळात जाऊन बसले. भुजबळ दोषी की निर्दोष, यापलीकडचा हा प्रश्न आहे: आरोप करणाऱ्यांचा स्वतःच्या आरोपांवर विश्वास होता का?

आणि आपण? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. समोरच्या पक्षाच्या नेत्याचं प्रकरण आलं की आपण न्यायाधीश, आपल्याचं आलं की वकील. नेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

महापालिकेत हे सगळं जवळून दिसतं

विधानसभेचं सोडा, नाशिकमध्ये हा विषय खरा रोजचा होतो तो नगरसेवकांमुळे. महापालिकेच्या 122 जागा, मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार, आणि आता डोक्यावर सिंहस्थाची कोट्यवधींची कामं. रस्ते, घाट, मलनिस्सारण.

नगरसेवकाला लागणारे नियम आमदारापेक्षा कडक आहेत. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असला तर तो अपात्र. मेव्हण्याच्या नावावर असलं तर काय, ते ओळखायला कायद्याला दिवस लागतात आणि प्रभागातल्या चहावाल्याला पाच मिनिटं. स्वतः, पती-पत्नीने किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं तरी पद जातं. बेकायदा बांधकाम पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला अडवलं तरीही. आपल्या प्रभागातले पत्र्याचे वाढीव मजले आणि पार्किंगमधली दुकानं आठवून पाहा, मग हा नियम किती वेळा वापरला गेला याचा अंदाज येईल.

आणि दोन अपत्यांचा नियम. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर नगरसेवक होता येत नाही. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद सदस्यांनाही हीच अट आहे. आमदाराला नाही. हा कायदा ज्या विधिमंडळाने केला, त्याने तो स्वतःला लावून घेतलेला नाही. म्हणजे सिडकोतल्या एखाद्या बाईंना तिसरं मूल आहे म्हणून नगरसेविका होता येत नाही, पण खंडणीचा खटला चालू असलेला माणूस त्याच प्रभागात उभा राहू शकतो. राजकीय ढोंगाचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही, कारण इथे एकट्यादुकट्या माणसाची घसरण नाही. सगळं ढोंग राजपत्रात छापलेलं आहे.

याच्यापुढे फलकबाजी किरकोळ वाटेल. बेकायदा होर्डिंगवर मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्येच कडक आदेश दिले. ‘स्वच्छ नाशिक, सुंदर नाशिक’ म्हणणाऱ्यांचे वाढदिवस तरीही चौकाचौकात लटकतात.

शपथपत्र वाचायचं कसं

सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. विधानसभा-लोकसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. महापालिकेचं काम राज्य निवडणूक आयोग बघतो.

गुन्ह्यांचा नुसता आकडा पाहू नका. राजकीय कार्यकर्त्यावर रास्ता रोको आणि जमावबंदी मोडल्याचे दहा गुन्हे सहज असतात, ते त्याच्या कामाचाच भाग आहेत. फसवणूक, खंडणी, मारहाण, महिलांविरुद्धचे गुन्हे वेगळे काढा. मग आरोप निश्चित झालेत का, तो रकाना बघा. आरोप निश्चित होणं म्हणजे न्यायाधीशाला कागद पाहून खटला चालवण्याइतकं काहीतरी सापडलं आहे. नुसत्या एफआयआरपेक्षा याचं वजन बरंच जास्त. त्यानंतर त्याच माणसाचं मागच्या निवडणुकीचं शपथपत्र काढून शेजारी ठेवा. पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली आणि त्याच काळात प्राप्तिकर विवरणात उत्पन्न किती दाखवलं, हे दोन आकडे एकमेकांना ओळखतात का ते कळतं.

फेब्रुवारी 2020 पासून पक्षांनाही जबाब द्यावा लागतो. गुन्हे असलेल्याला तिकीट दिलं तर का दिलं, स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही, हे विहित नमुन्यात प्रसिद्ध करायचं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकमेव कारण चालणार नाही, असं न्यायालयाने बजावलं आहे. त्यामुळे पक्ष आता ‘तळमळीचे सामाजिक कार्यकर्ते’, ‘केस राजकीय सूडातून’ असं लिहितात, आणि बऱ्याचदा एकाच छापाचा मजकूर सगळ्या उमेदवारांच्या नावापुढे दिसतो. हे नमुने पक्षाच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात, मतदानाआधी येतात. तुमच्या मतदारसंघातला नमुना शोधा आणि प्रचाराला दारात आलेल्या कार्यकर्त्याला त्यातलं कारण वाचून दाखवा.

शपथपत्रात माहिती लपवली असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्ह्यांची माहिती दडवणं हा निवडणुकीतला भ्रष्ट मार्ग आहे आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल आहे. त्यासाठी निवडणूक याचिका करावी लागते. विधानसभेची असेल तर उच्च न्यायालयात, निकालापासून 45 दिवसांच्या आत; महापालिकेची मुदत त्याहून बरीच कमी. म्हणून शपथपत्र वाचायचं ते अर्ज भरले जातात त्याच आठवड्यात.